लुंबिनीचा शिलास्तंभ आणि धर्मानंदांचा बुद्ध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले मोठमोठे पंडित बुद्धाच्या चरित्राकडे संशयाने पाहत होते. फ्रान्सच्या एमिल सेनार यांना त्यात जागोजागी सूर्यकथा दिसली. हॉलंडचे हेंड्रिक केर्न त्यांच्याही पुढे गेले. खरा माणूस या कथांच्या मागे सापडणार नाही, असे वाटण्याचा तो काळ होता.

डिसेंबर १८९६ मध्ये नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने गावाचा बली हा कर माफ केला आणि राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरले आहे. अनेकांना वाटले, वाद मिटला.

माझ्या मते तो तेवढ्याने मिटत नाही. लुंबिनीपासून फार दूर नसलेल्या निगाली सागरचा स्तंभ आदल्याच वर्षी सापडला होता. अभिषेकानंतर चौदा वर्षांनी अशोकाने कोनागमन बुद्धाचा स्तूप दुप्पट केला, असे त्यावर लिहिले आहे. हा कोनागमन म्हणजे बौद्ध परंपरेतला मागच्या कुठल्या तरी युगातला बुद्ध. राजा तोच, लिपी तीच, श्रद्धाही तितकीच खरी. अशोकाच्या काळी लोक काय मानत होते, एवढेच दगड सांगतो. मग गौतमाला आपण इतिहासात का बसवायचे आणि कोनागमनाला का नाही?

या प्रश्नाला मराठीत सर्वांत प्रामाणिकपणे भिडले ते धर्मानंद कोसंबी. १८७६ साली गोव्यातल्या साखवाळला जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून अखेर सिंहलद्वीपाला गेला, तिथे पाली शिकला, श्रामणेर झाला. पुढे त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. अशोकाच्या भाब्रू लेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी ऐकावीत म्हणून सात सूत्रांची नावे दिली आहेत. ती पाली वाङ्मयात कोणती, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांपैकी तीन त्यांना सुत्तनिपातात सापडली. प्राचीन थर कुठे आहे, हे अशा कष्टांनीच कळते.

‘भगवान बुद्ध’ या आपल्या पुस्तकात त्यांनी हीच कसोटी लावली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये प्रत्येक मराठी मुलाला पाठ असतात. कोसंबी दाखवतात की महापदानसुत्तात ती कथा विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आहे. गौतमाला ती नंतर चिकटली. मध्यरात्री गुपचूप निघून जाणेही त्यांना पटत नाही, कारण अरियपरियेसनसुत्तात आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत घर सोडल्याचे बुद्ध स्वतः सांगतात. बुद्धाचे वडील शुद्धोदनही मोठे राजे राहत नाहीत, कोसलाच्या वर्चस्वाखालच्या शाक्य गणातले एक शेतीवाडीचे धनी होतात. कथेची पुटे निघत जातात तसा आत राहणारा माणूस मला अधिक खरा वाटतो. म्हातारपणी ज्याची पाठ दुखते, चुंदाकडच्या जेवणानंतर जो आजारी पडतो, असा शास्ता भक्त मुद्दाम रचणार नाहीत.

मी राहतो कुवेतमधल्या मीना अब्दुल्लाजवळ. इथल्या रिफायनरीत एकाच पाळीत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध बरोबरीने काम करतात. लुंबिनी ज्या रुपनदेही जिल्ह्यात आहे तिथली मुलेही भेटतात. ‘तुमचा संस्थापक झालाच नाही’ असे दुसऱ्याला म्हणणे इथे निव्वळ आगळीक ठरेल, आणि ते योग्यच आहे. मला कोसंबी मोठे वाटतात ते यासाठी की त्यांनी ही तपासणी स्वतःच्या आराध्याची केली, आणि प्रेम तसूभर कमी होऊ दिले नाही.

त्यांचेही सगळे मान्य करावे असे नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटे होत, त्या शस्त्राच्या भाषेला विटून सिद्धार्थाने घर सोडले, असे ते सुचवतात. आधार अत्तदण्डसुत्ताचा. त्यात अपुऱ्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून भय वाटले, असे बुद्ध म्हणतात. पण रोहिणीचे नाव तिथे नाही. तो दुवा कोसंबींनी जोडलेला आहे. डॉ. आंबेडकरांनीही चार दृश्यांची कथा नाकारली आणि १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात गृहत्यागाच्या मुळाशी हाच पाण्याचा तंटा ठेवला. अनुमान म्हणून हा दुवा मला पटतो, पुरावा म्हणून नाही. मात्र अत्तदण्डसुत्तातले ते भय कुणा सूर्यदेवतेचे नव्हे, भांडणारी माणसे डोळ्यांनी पाहिलेल्या एका माणसाचे आहे, असे मी मानतो.