डॉक्टरांना सांगू नकोस हं

बोरिवलीला नॅशनल पार्कात सकाळी फेरी मारून परतताना आई गेटबाहेर कारलं-जांभळाचा रस प्यायची. घरी आल्यावर डॉक्टरांच्या गोळ्या: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. शिवाय पर्समधल्या डबीत मेथी, गुडमार आणि जांभळाच्या बियांचं चूर्ण. गोळ्या डॉक्टरांना माहीत होत्या. बाकीचं फक्त मला.

"त्यांना सांगू नकोस हं, ओरडतील," ती म्हणाली होती. मी मान डोलावली.

पावसाळ्यात फेरी बंद झाली, तसा रसही बंद झाला. शुगर चढली. डॉक्टरांनी कागदावरचा आकडा बघून ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला. ऑक्टोबरात फेरी आणि रस दोन्ही परत सुरू झाले, डोस मात्र वाढलेलाच राहिला. संकष्टीच्या दुपारी आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, ती भलतंच काहीतरी बोलायला लागली. ग्लुकोमीटरवर ५२. मी तिला साखरेचं पाणी पाजलं.

कशामुळे झालं? उपवासामुळे, चालण्यामुळे, रसामुळे की गोळीमुळे? ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोट रिकामं असलं तरीही. कारलंही साखर खाली आणू शकतं. कुणाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. कारण ज्याने हिशोब करायचा, त्याच्यापासून आम्ही निम्मा हिशोब लपवला होता.

असा विषय निघाला की आपण लगेच 'आयुर्वेद की अॅलोपॅथी' अशी मॅच लावतो. पण मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका वनस्पतीपर्यंत जातं. १९५७ साली फ्रान्समध्ये जीन स्टर्न यांनी त्याचा मधुमेहावरचा वापर प्रसिद्ध केला. त्याआधी, १९४९ साली, आपल्या मुंबईतल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ५० रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काय झालं ते 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. दोघांनीही झाडाला नाकारलं नाही. किती दिलं, काय झालं, हे लिहून ठेवलं.

उलट उदाहरणही मुंबईतलंच आहे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. २०२० च्या शेवटी इथल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण दिसले, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण रुग्णांनी 'काय घेतलं' हे सांगितलं, म्हणून निदान वाद तरी घालता आला.

"नॅचरल आहे, त्याने काय होतंय?" असं आई म्हणते. काहीच होत नसेल तर प्यायचं कशाला? आणि होत असेल तर ते औषधच. मग औषधांच्या यादीत त्याचं नाव नको?

दोष फक्त तिचा नाही. "काढे-बिढे घेत नाही ना?" असं विचारलं की 'नाही' एवढंच उत्तर उरतं. आणि माझं काय? मला वाटत होतं, मी आईचा विश्वास सांभाळतोय. आपल्या शरीरात काय घालायचं हा तिचा हक्क आहे, हे मला आजही पटतं. पण माझ्या गप्प बसण्यामुळे दुसरा माणूस तिच्याबद्दल आंधळेपणाने निर्णय घेत होता. माझ्यासाठी ते गप्प बसणं सोपं होतं, एवढंच. त्यात प्रेम किती होतं, मला सांगता येत नाही.

पुढच्या वेळी रिक्षात मी म्हटलं, "आई, तू सांग. नाहीतर मी सांगणार." ती दवाखान्यापर्यंत बोलली नाही. आत गेल्यावर तिने डबी टेबलावर ठेवली. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती चमचे? कधी? रस रोज?" त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं, गोळीचा डोस कमी केला आणि पंधरा दिवस रोज शुगर तपासायला सांगितली.

घरी येताना आई म्हणाली, "तुझ्यावर विश्वास ठेवला होता रे."

हल्ली ती डॉक्टरांना सगळं सांगते. मला मात्र पूर्वीइतकं सांगत नाही.