विलंब आणि वचन

ज्याने वस्तूचे मोल आगाऊ घेतले आणि ती देण्याची मुदतही आपल्याच तोंडाने सांगितली, त्याच्याकडून ती मुदत टळली तर त्याने धर्माचा भंग केला काय, आणि ज्याने मोल मोजले त्याने फलाशा सोडून स्वस्थ बसावे काय, हा प्रश्न वरवर पाहता दिवाणी अदालतीचा वाटतो; पण थोडा खणून पाहिला तर तो निष्काम कर्माच्या शिकवणुकीलाच जाऊन भिडतो.

गोंदिया शहरालगतच्या, प्राचीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या नागरा गावी हौशी रेडिओचा छंद जोपासताना हा प्रश्न मला पडला. घरामागच्या मोहाच्या झाडापासून ओसरीच्या आढ्यापर्यंत सुमारे वीस मीटर तांब्याची तार ताणलेली आहे, तिच्या मध्यातून उतरलेली केबल खिडकीवाटे मेजावर आलेली आहे, केबलच्या टोकाला धूळ बसू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली आहे, आणि मेजावरची यंत्राची जागा मात्र रिकामी आहे. कारण परदेशातील एका लहान उत्पादकाकडे पुरी रक्कम भरून नोंदवलेला ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश पाठविणारे आणि घेणारे यंत्र, मुदत उलटून गेली तरी रवाना झालेला नाही.

उत्पादकाची बाजू आधी ऐकली पाहिजे. मोठ्या कंपनीच्या गुदामात तयार माल पडलेला असतो. दोन-चार माणसांच्या कारखान्यात ग्राहकाच्या आगाऊ रकमेतूनच सुटे भाग खरेदी होतात, म्हणजे ग्राहक हा नुसता गिऱ्हाईक नसून नकळत भांडवलदारही झालेला असतो. यंत्राचे शेकडो भाग जमले आणि एकच इंटिग्रेटेड सर्किट मिळाले नाही, तरी सारे काम अडते. 2020 नंतर जगभर जेव्हा अशा सर्किटांची टंचाई पडली, तेव्हा मोटारी आणि फोन बनविणाऱ्या बलाढ्य कारखान्यांच्या मागण्यांपुढे लहान कारागिराची मागणी कोणाच्या खिजगणतीत असणार? शिवाय नमुन्याचे एक यंत्र निर्दोष चालले तरी पुढच्या यंत्रांच्या प्रक्षेपणात नको त्या कंप्रतेवर उपलहरी आढळतात, आणि मग आराखडा दुरुस्त करून नवे बोर्ड मागवावे लागते. असा विलंब हा दोष नव्हे, तर कर्तव्यबुद्धीच होय, कारण इतरांच्या लहरी बिघडविणारे यंत्र वेळेवर पाठविण्यापेक्षा निर्मळ यंत्र उशिरा पाठविणे केव्हाही श्रेयस्कर.

परंतु ग्राहकाचा काळही फुकट नसतो. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. चालू, म्हणजे पंचविसावे चक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाले, आणि ते परमावधीच्या टप्प्यात पोहोचल्याचे ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झाले. या परमावधीत 28 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चार-पाच वॉटचा क्षीण संदेशही आयनांबरावरून परावर्तित होऊन समुद्रापार जातो, आणि चक्र उतरले की तोच पट्टा वर्षानुवर्षे बहुतांशी निःशब्द राहतो. म्हणून या काळातला एकेक गमावलेला महिना पुन्हा दशकभर परत येत नाही. आणि या विद्येला केवळ करमणूक म्हणून हिणविताही येत नाही, कारण 26 जानेवारी 2001 रोजी भूजच्या भूकंपाने दूरध्वनी बंद पाडले, तेव्हा हौशी बिनतारी चालकांनीही मदतकार्याचे निरोप पोहोचविले होते.

कायद्याचे उत्तर सरळ आहे: मुदत हा ज्या कराराचा गाभा आहे तो मुदतीत पाळला गेला नाही, तर भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 55 प्रमाणे दुसऱ्या पक्षाला तो रद्द करण्याची मुभा मिळते. पण पक्षांचे हक्क सांगून कायदा थांबतो, आणि माणसाने माणसाशी कसे वागावे हा विचार तेथून पुढे सुरू होतो.

अशा प्रसंगी गीतेतील फलत्यागाचा दाखला देऊन थांबणाऱ्याचे तोंड बंद करण्याची आपल्याकडे मोठी रीत आहे. माझ्या मते हा त्या शिकवणुकीचा विपर्यास होय. फलासक्ती सोडण्याचा उपदेश कर्त्याने स्वतःच्या फळाबाबत स्वतःलाच करावयाचा असतो. ऋणकोने धनकोला वैराग्य शिकवावे यासाठी तो सांगितलेला नाही. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाची जी मांडणी केली, तीत लोकसंग्रहाला अग्रस्थान आहे, आणि दिलेल्या शब्दावर लोकांचा विश्वास टिकविणे याहून मूलभूत लोकसंग्रह तो कोणता?

मग ज्याचे हात खरोखरच अडले आहेत, त्याने काय करावे? याचे उत्तर आपल्या पुंडलिकाच्या कथेत आहे. देव दारी आला असता पुंडलिकाने आईबापांची सेवा टाकली नाही, आणि तरीही देवाला बेदखल केले नाही. त्याने थांबण्यास सांगितले आणि उभे राहण्यासाठी वीट पुढे केली. थांबविणाऱ्याचे संपूर्ण कर्तव्य त्या विटेत आले. हातचे काम महत्त्वाचे असेल तर दुसऱ्याला तिष्ठत ठेवणे अपरिहार्य ठरू शकते, पण पाय ठेवण्यापुरती भूमी त्याला न देणे कधीच अपरिहार्य नसते.

बिनतारी चालकांच्या आचारात ही वीट पूर्वीपासून आहे. संभाषण मध्येच सोडावे लागले, ढग गडगडू लागले म्हणून तार उतरवावी लागली, तर चालक क्यूआरएक्स हा संकेत देतो आणि पुन्हा कोणत्या वेळी हाक देईन तेही सांगतो. तो न देता जो गप्प होतो, त्याच्या श्रोत्याला आकाश बंद झाले, वीज गेली की पलीकडचा माणूसच उठून गेला, हे कळत नाही. तो तासभर बटण फिरवीत कानाशी हेडफोन दाबून बसतो. या अज्ञानातच खरा अन्याय आहे. भाग मिळाला नाही, आणखी चार महिने लागतील, एवढे दोन ओळींत कळले तर थांबावे की पैसे परत घ्यावेत हे ग्राहक स्वतः ठरवू शकतो. मौनाने मात्र त्याचा काळ तर जातोच, शिवाय निवडीचा अधिकारही हिरावला जातो.

ग्राहकाच्या वाट्यालाही काही कर्तव्य येते. त्याने स्पष्ट विचारावे, रक्कम हवी असेल तर निःसंकोच मागावी, पण कारागिराच्या सचोटीवर पुराव्यावाचून शिंतोडे उडवू नयेत. आणि थांबण्याचे ठरविलेच तर ते स्वखुशीचे थांबणे मानून रिकामा काळ विद्येला द्यावा. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी 2003 साली बिटएक्स या ट्रान्सीव्हरचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, तो सहज मिळणाऱ्या भागांतून घरी जुळविता यावा अशाच हेतूने. असे एखादे सर्किट स्वहस्ते जुळवून पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या विलंबातील प्रामाणिक अडचण कोणती आणि निव्वळ हयगय कोणती, हे पारखण्याची दृष्टी येते.

विलंब हा पुष्कळदा परिस्थितीचा असतो, म्हणून तो क्षम्य आहे. मौन हे सर्वस्वी माणसाचे असते, म्हणून त्याचा जाब माणसालाच द्यावा लागतो. वस्तू वेळेवर देणे प्रत्येकाच्या हाती नाही, परंतु सत्य वेळेवर सांगणे प्रत्येकाच्या हाती आहे, आणि ज्याने दुसऱ्याचे मोल आगाऊ घेतले त्याच्यावर तर ते पहिल्या दिवसापासूनचे ऋण आहे.