बंदुकीचा हक्क आणि न वाचलेला निकाल

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडच्या चर्चेत एक वाक्य हमखास येते: बंदूक बाळगण्याचा हक्क तिथे घटनेनेच दिलाय, सरकार तरी काय करणार? खुद्द अमेरिकेतही ही समजूत घट्ट रुजलेली आहे. हा हक्क १७९१ पासून जसाच्या तसा चालत आला आणि त्याच्यापुढे कायद्याचे हात बांधलेले आहेत, असे अनेकजण धरून चालतात. यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

हा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती झाली तेव्हा केंद्राची खडी फौज उद्या आपल्याच उरावर बसेल, ही राज्यांना धास्ती होती. त्यावर उतारा म्हणजे मिलिशिया, नागरिकांचीच हत्यारबंद फौज. १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या नागरिकाला स्वतःच्या खर्चाने बंदूक, संगीन आणि निदान २४ काडतुसे मावतील अशी पेटी सहा महिन्यांत जमवायला लावले. आज ज्याला हक्क म्हणतात, त्यात तेव्हा कर्तव्याचा भाग मोठा होता.

काळ्यांना त्यात जागाच नव्हती. पुढे यादवी युद्धानंतर ते नागरिक झाले, पण १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या टोळीने त्यांचे हत्याकांड केले. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ मध्ये निकाल आला, की ही दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते. दोषी ठरलेले सुटले. या हक्काच्या गौरवगाथांमध्ये कोलफॅक्सचे नाव क्वचितच येते, हे मनाला लागते.

१९३९ मध्ये नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनचा खटला आला. या हत्याराचा मिलिशियाशी संबंध दिसत नाही, म्हणून त्याला संरक्षण नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे खालची न्यायालये बहुतेक याच वाटेने गेली.

वारे फिरले ते न्यायालयाबाहेर. मे १९६७ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. भरली बंदूक उघड्यावर बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा काही महिन्यांतच झाला. त्यावर सही होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची आणि त्याला पाठिंबा होता बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा! त्याच संघटनेच्या १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात कडव्या गटाने जुन्या नेतृत्वाला खाली खेचले. तिथून वैयक्तिक हक्काची भाषा राजकारणात चढत गेली.

२००८ मध्ये न्यायालयानेही ती स्वीकारली, पाच विरुद्ध चार मतांनी. डिक हेलर हा वॉशिंग्टनमधला सुरक्षारक्षक. सरकारी इमारतीवर पहारा देताना त्याच्या कमरेला पिस्तूल असे, घरी मात्र ते ठेवायची मुभा नव्हती. स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा त्याचा हक्क मान्य झाला. पण हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगार, मनोरुग्ण, शाळा, सरकारी इमारती यांबाबतचे निर्बंध कायम राहतील, हे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी त्याच निकालात लिहिले. तो भाग लोकांपर्यंत पोचलाच नाही.

कायदा ढिला पडतो तेव्हा घटनेकडे बोट दाखवणे सोयीचे असते. युद्धात शोभाव्यात अशा अर्धस्वयंचलित रायफलींवर १९९४ मध्ये केंद्राने बंदी घातली, ती दहा वर्षांच्या मुदतीची. ती कोणत्याही न्यायालयाने रद्द केली नाही. २००४ मध्ये मुदत संपली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती वाढवली नाही, इतकेच.

२०२२ मध्ये न्यायालयाने निर्बंधांची कसोटी कडक केली, प्रत्येक निर्बंधाला इतिहासातला दाखला हवा म्हटले. त्या कसोटीवरही, घरातल्या हिंसेबद्दल संरक्षण-आदेश निघालेल्या माणसाला बंदूक नाकारणारा कायदा २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मताने टिकला. विरोधात राहिले एकटे क्लॅरेन्स थॉमस, २०२२ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती.