सलगीचा देव, अंतराचा देव

आम्ही गंगाखेडची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो आणि घरच्यासारखे तिच्यात उतरतो. जनाबाई आमच्याच गावची. तिचा देव तिच्याबरोबर दळायला बसला. त्यामुळे देवाशी सलगी करायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

भाचा मित्रांसोबत गाडीनं कोकणात निघालाय. ताम्हिणीतून हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे वेसवी, पुढं दापोली, गुहागर, गणपतीपुळे. मी आधी तिथी विचारली. पोरं हसली, मावशी मुहूर्त काढायला लागली म्हणून.

मुहूर्त कशाचा? भरती बघत होते. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करायची. भरतीत सापडलात तर एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला लाट. एकादशी चुकली तर द्वादशीला देवापुढं नाक घासता येतं; इथं ती सोय नाही.

मला खरा पेच पडतो तो पुढं. समुद्राला एरवी नमस्कार करावा, त्यात स्नान करायचं ते पर्वकाळी, अमावास्या-पौर्णिमेला, असा शास्त्राचा जुना संकेत. आणि चंद्र-सूर्य एका रेषेत येतात म्हणून उधाण येतं तेही त्याच दिवसांत! परवानगी मिळते तेव्हाच पाणी सगळ्यात जोरात. भाच्याचा मित्र म्हणाला, मग शास्त्र चुकलं. मला तसं वाटत नाही. स्नान कधी करावं एवढंच शास्त्र सांगतं. किती आत जावं, हे त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच ठाऊक. त्याला न विचारता देवाच्या भरवशावर आत शिरणं याला मी भक्ती म्हणणार नाही. गणपतीपुळ्याला देऊळ अगदी पाण्याजवळ, आणि तिथंच माणसं बुडालेली आहेत. त्याच गावात अख्खी टेकडी गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा सबंध टेकडीला घालायची, किलोमीटरभर चालून. अंगाला न भिडता भोवतीनं जाणं हीही जवळीकच की. आम्हा नदीकाठच्यांना ती जरा उशिरा कळते.

गाडी वाळूवर न्यायची नाही, हे मी दोनदा बजावलं. चाकं रुततात आणि पाणी थांबत नाही.

“मग अमावास्येला आंघोळच नाही का?” भाचा.

“कर की. काठावर बसायचं आणि तांब्यानं घ्यायचं.”

“प्लास्टिकचा मग चालेल?”

चालेल म्हटलं.