भांडता न येणारा खेळ

ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीतल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पबजीपायी आईच्या बँक खात्यातले दहा लाख रुपये घालवले. घरात कळल्यावर बोलणी बसली आणि मुलगा चिठ्ठी लिहून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो पोलिसांना अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफांच्या परिसरात सुखरूप सापडला. पबजीवर बंदी येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. कोविडमुळे शाळा बंद होत्या. वर्ग आणि खेळ एकाच फोनवर भरत होते. अशा बातम्यांनंतर पालकसभांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत एकच निष्कर्ष निघतो, आजही निघतो: मुलांना रोज किती वेळ गेम खेळू द्यायचा ते आधी ठरवा. दहा लाखांच्या घटनेतून आपण मिनिटांचा धडा घ्यावा, हे मला अजूनही पटत नाही.

बाकीची मतं लवकर बाजूला ठेवता येतात. गेम जीव घेतात म्हणावं, तर २०१७ साली अंधेरीतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर ‘ब्लू व्हेल’ची धास्ती देशभर पसरली होती, आणि २०१८च्या सुरुवातीला सरकारने संसदेत सांगितलं की एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. गेममुळे बुद्धी तल्लख होते, हे प्रामुख्याने गेम विकणारेच सांगतात. आणि ‘मुलांना मैदानावर पाठवा’ म्हणणाऱ्यांनी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारतीत सव्वादोनशे चौरस फुटांत राहणाऱ्या आईला आधी मैदान दाखवावं.

वेळेचं मत मात्र असं उडवून लावता येत नाही, कारण ते समंजस वाटतं आणि त्याच्या पाठीशी मोठी नावं आहेत. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही साधारण तोच आहे. सल्ला योग्यच आहे. पण तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? जागतिक संघटनेची ती मार्गदर्शक तत्त्वं शारीरिक हालचाल, बैठेपणा आणि झोप यांविषयीची आहेत. मूल एका जागी किती वेळ बसतं ही त्यांची चिंता आहे. बसलंच तर त्याला गोष्ट सांगा, वाचून दाखवा, एवढं ती म्हणतात. कोणता गेम, कोणाबरोबर, त्यात मुलाला काय करता येतं आणि काय करता येत नाही, हा त्यांचा विषयच नाही. आपण त्यातला आकडा तेवढा उचलला आणि त्याचं नीतिशास्त्र केलं.

घरात त्या तासाचं काय होतं तेही पाहिलं पाहिजे. आधी तो बक्षीस होतो: गृहपाठ झाला तर अर्धा तास, भाजी संपवली तर दहा मिनिटं. मग बक्षिसाची मजुरी होते आणि मजुरी वाढवून मागितली जाते. वेळ संपली म्हणून आई फोन काढून घेते, मुलगा चवताळतो आणि आपण त्याला व्यसनी ठरवतो. व्यसन असतंही, आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराची आजारांत नोंद केली आहे, ती उगाच नाही. पण पबजीसारख्या खेळाची एक फेरी अर्ध्या तासापर्यंत चालते, चौघांचा गट असतो, आणि मध्येच उठणारा मुलगा तिघांना तोंडघशी पाडून उठतो. त्याचा राग निव्वळ हट्टाचा नसतो. घड्याळाकडे पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. चीनने २०२१ मध्ये वेळेची मर्यादा थेट कायद्याच्या बळावर घातली: अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढंच. मुलं मोठ्यांच्या नावाची खाती वापरतात म्हणून तिथल्या एका बड्या गेम कंपनीला चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवावी लागली. एवढा पहारा ठेवूनही, त्या एका तासात मुलापुढे काय वाढलं जातं हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

माझा प्रश्न तो आहे. जोगेश्वरीच्या मेघवाडीतल्या एखाद्या गल्लीत संध्याकाळी थोडा वेळ उभं राहावं. दोन्ही बाजूंना स्कूटर, मधे जेमतेम वाट, प्लास्टिकचा चेंडू, स्टंपांच्या जागी पाण्याचा रिकामा कॅन. जितका वेळ खेळ, जवळपास तितकाच वेळ भांडण. स्कूटरला लागला तर एकच रन. काकूंच्या खिडकीत गेला तर आऊट, आणि ज्याने मारला त्यानेच मागून आणायचा. वन टप्पा झेल धरायचा की नाही, यावरून दोघं एकमेकांच्या अंगावर जातात. पाच वर्षांची धाकटी बहीण कच्चा लिंबू. तिला आऊट देत नाहीत, पण तिचे रनही मोजत नाहीत. एके दिवशी ती पाय आपटून सांगते की माझे रन मोजा. मोजतात, आणि त्या दिवसापासून ती आऊटही होते. हा व्यवहार कोणा मोठ्या माणसाने ठरवून दिलेला नसतो.

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी जिनिव्हाच्या परिसरातल्या मुलांना गोट्या खेळताना पाहिलं आणि त्यावर १९३२ साली लिहिलं. लहान मुलांना नियम थोरांनी घालून दिलेला, अढळ वाटतो. दहा-अकराच्या सुमारास त्यांना उमगतं की नियम आपणच संमतीने धरलेला असतो आणि संमतीने बदलता येतो. हे उमगणं बरोबरीच्या मुलांशी खेळताना, भांडताना येतं. त्यांच्या वयाच्या टप्प्यांवर पुढे बरेच आक्षेप आले, पण मूळ निरीक्षण मला खरं वाटतं.

म्हणून पडदा आणि मैदान यांच्यात मी रेघ ओढत नाही. रेघ ओढायची ती नियमाशी भांडता येणारा खेळ आणि भांडता न येणारा खेळ यांच्यामध्ये. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडलेल्या गेममध्ये कॅसेट घालून भावंडं काँट्रा खेळत. धबधब्याच्या टप्प्यात एकजण घाईने वर चढला की खाली राहिलेला मरायचा. यंत्राचा नियम तिथेही अढळ होता. पण पलंगावर लगेच दुसरा नियम तयार व्हायचा: मी चढेपर्यंत तू थांबायचं. तो मोडला तर कॅसेटच काढली जायची.

फोनवरच्या फुकट गेममध्ये एकट्या बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ही सोय नाही. नियमावर हरकत घ्यायची तर ऐकणारं कोणी नाही. नियम रात्रीत बदलतो, तो कंपनीच्या मनाने. तिच्यापुढे चालते एकच गोष्ट, पैसा. जोगेश्वरीच्या त्या मुलाचे पैसे आयडी आणि ‘यूसी’ म्हणजे खेळातलं चलन घेण्यात गेले, असं तेव्हा सांगितलं गेलं. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत साडेचोवीस कोटी डॉलर परत करण्याचं मान्य केलं, कारण एक बटण दाबताच खरेदी होईल अशी मांडणी तिने केली होती आणि मुलं पालकांच्या नकळत खरेदी करत होती, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. आपला ऑगस्ट २०२५चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्याचे खेळ बंद करतो. बंदुकीच्या नव्या रंगासाठी मुलाने घालवलेले पैसे त्यात सरळ येत नाहीत.

जोखमीच्या खेळाबद्दल समाज भांडू शकतो, हे जोगेश्वरीइतकं कोणाला ठाऊक असावं? दहीहंडीत सगळ्यात वरच्या थरावर किती वर्षांचं मूल चढवायचं, यावर आपण वर्षानुवर्षं जाहीर वाद घातला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. जोगेश्वरीचं जय जवान गोविंदा पथक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ मध्ये चौदा वर्षांखाली मनाई पक्की झाली आणि उंचीचा प्रश्न सरकारवर सोपवला गेला. निकाल कोणाला पटला, कोणाला नाही, पण नियम कोणाचा आणि कोणापुढे बदलायचा हे सगळ्यांना माहीत होतं.

लहान मुलांना गेम खेळू द्यावा का, याचं माझं उत्तर त्यामुळे वेळापत्रकात बसत नाही. रविवारी दोन भावंडं टीव्हीपुढे एकमेकांच्या कोपराला कोपर लावून दोन तास खेळली, ओरडली, रडली, तर मला काळजी वाटणार नाही. आठ वर्षांखालचं मूल फुकट गेम घेऊन कोपऱ्यात एकटं बसलं, तर दहा मिनिटंही मला जास्त वाटतात. सात-आठ हे वय मी अंदाजाने धरतो. गल्लीत भांडून आलेल्या, बुद्धिबळाच्या पटावर हरलेल्या मुलाला यंत्राचा अढळ नियम लवकर झेपेल.

रात्री नऊला घरी पोचणाऱ्या आईने शेजारी बसून खेळावं, असं सांगायला मी धजत नाही. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. पण ज्या घरात फोन एकच आहे, तिथे ओटीपीही मुलाच्या हातातल्या फोनवरच येतो. तेव्हा हा भार त्या आईवर टाकू नये. मुलाच्या खात्यावर खेळातलं दुकान उघडूच नये, अशी सक्ती कंपन्यांवर झाली पाहिजे, आणि ती मागणी पालकसभांनी मिनिटांच्या तक्त्याआधी ठरावात घातली पाहिजे.