उभं कोण राहणार?

आमच्या जिन्यात आम्ही रोज संध्याकाळी महापालिका बरखास्त करतो. भल्या माणसाने निवडणुकीला उभं राहावं यावर एकमत आहे. फक्त तो शेजारच्या इमारतीतला असावा. परवा मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच राहा ना उभे!" उभे असलेले अण्णा मटकन पायरीवर बसले. "छे हो, आपलं काम नव्हे ते!"

वास्तविक वयाची अट 21 वर्षांची. अण्णांनी ती तीनदा पुरी केलीय. 2018 साली राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांत 'नोटा'ला काल्पनिक उमेदवार मानलं. म्हणजे जो मुळात नाहीच, तोही उभा राहतो! हे मी रंगवून सांगत होतो, तेवढ्यात अण्णांची सून म्हणाली, "मग काका, तुम्ही का नाही?"

मला एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.