लोहाराने काय घडवावे?

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला एकेका शब्दापाशी अडून बसावे लागते. आणि पुष्कळदा असे आढळते की, अडचण शब्दाची नसून आपल्याच अपुऱ्या विचाराची असते. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावी लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायाचा मसुदा आम्ही गावकऱ्यांना वाचून दाखवीत होतो. भाषांतर गावच्या कानाला कसे लागते, हे पाहण्याची आमची ही रीत. ज्याच्यापाशी तरवार नसेल त्याने झगा विकून ती घ्यावी असे प्रभू शिष्यांना सांगतो, तो हा भाग. श्रोत्यांमध्ये मंडळीचा सभासद असलेला एक लोहार होता. सर्व जण उठून गेल्यावर तो मागे थांबला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, नळी म्हणजे काही बंदूक नव्हे ना?"

हकीकत अशी की, एक अनोळखी मनुष्य त्याच्याकडे पोलादी नळी आणि कागदावर काढलेले एका लहानशा भागाचे चित्र घेऊन आला होता. पंपासाठी हवे आहे, असे त्याने सांगितले. "पंपाची मजुरी एवढी नसते," लोहार म्हणाला. वीस विळ्यांना धार लावून जे हाती येई, ते त्याला एका नळीसाठी मिळणार होते.

मी तत्काळ रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला. कायद्याने मना आहे, म्हणून करू नये. त्यावर तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माझ्या बापाची कुऱ्हाडही कायद्यानेच नेली होती." रानातून जळण आणताना त्या म्हाताऱ्याची कुऱ्हाड एका कर्मचाऱ्याने काढून घेतली, ती परत मिळाली नाही. कुऱ्हाड नेणारा आणि नळी मना करणारा कायदा त्याच्या दृष्टीने एकच होता. माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते शोधण्याची निकडही मला त्या दिवशी भासली नाही. मसुदा पुरा करायचा होता.

नंतर मात्र तो प्रश्न पाठीस लागला. कायदा काय म्हणतो हे तरी आधी पाहावे, म्हणून १९५९ चा शस्त्र अधिनियम काढून वाचला. त्यातील व्याख्या भाषांतरकाराने आवर्जून वाचावी अशी आहे. हल्ल्यासाठी वा बचावासाठी शस्त्र म्हणून योजिलेली अथवा तशी बनवून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र. त्या शस्त्राचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रसामग्रीही त्यातच मोडते. केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू, लाठी किंवा साधी हातकाठी, या मात्र वगळलेल्या आहेत. म्हणजे कायदा लोखंडाकडे पाहत नाही. लोखंडामागील हेतूकडे पाहतो. लोहाराच्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर स्पष्ट होते : बंदुकीसाठी घडविलेली नळी हेही शस्त्रच. परवान्यावाचून शस्त्र बनविणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

हत्यारांच्या बाबतीतही हेच. १९५१ च्या महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) पोलीस अधिनियमानुसार सूर्यास्तानंतर घरफोडीचे हत्यार जवळ बाळगणाऱ्याने त्याचे सयुक्तिक कारण दाखवावे लागते. दुपारी विहिरीच्या कामावर नेलेली पहार आणि मध्यरात्री दुसऱ्याच्या भिंतीपाशी सापडलेली पहार, वस्तू एकच, पण प्रश्न वेगळा. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात घर फोडणाऱ्या चोराविषयी रात्र आणि दिवस असाच भेद केला आहे, याचे मला नवल वाटले. मात्र तेथे भेद केला आहे तो घरधन्याच्या हाताला आवर घालण्यासाठी : सूर्य उगवल्यावर चोराला मारले तर रक्तपाताचा दोष लागतो.

परंतु म्हाताऱ्याच्या कुऱ्हाडीचा प्रश्न यातून सुटत नाही. कायदा हेतू पाहतो हे खरे, पण कोणाचा हेतू संशयास्पद धरायचा हे सत्ता ठरविते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायाच्या शेवटी, पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहारच राहू दिला नाही असे सांगितले आहे. इब्री लोकांनी शस्त्रे करू नयेत म्हणून ही बंदी, आणि तिचा परिणाम असा की फाळाला धार लावण्यासाठीही शेतकऱ्याने शत्रूकडे जावे. धारेची मजुरी 'पीम' होती. या शब्दाचा अर्थ कित्येक शतके हरवला होता. जुन्या इंग्रजी भाषांतरकारांनी अंदाजाने तेथे 'कानस' घातली. विसाव्या शतकात पॅलेस्टाइनच्या उत्खननांत 'पीम' असे कोरलेली वजने हाती आली तेव्हा उलगडा झाला की, हे सुमारे दोन तृतीयांश शेकेलाचे वजन, साडेसात ते आठ ग्रॅमच्या दरम्यानचे. एवढी चांदी फाळामागे! शस्त्रबंदीचा खरा भार गरिबाच्या नांगरावर कसा पडतो, ते त्या एका शब्दात साठवलेले होते.

आपल्या देशालाही हा अनुभव नवा नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्याची सल इतकी खोल होती की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी तो घटनेत यावा म्हणून दुरुस्ती सुचविली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती फेटाळली गेली. विषम कायद्याची धग ज्यांनी स्वतः सोसली, त्यांनीच शस्त्राला हक्काचा दर्जा नाकारला, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. कायदा पक्षपाती असू शकतो. म्हणून शस्त्र निर्दोष ठरत नाही. आजही कोडगूतील कोडवा लोकांना परवान्याची सूट आहे, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढविली गेली. परंपरेचा मान म्हणून ती योग्यही असेल. पण आमच्या लोहाराला ती कशी समजावून द्यावी, हे मला आजही कळत नाही.

आता त्या तरवारीकडे येतो. लूकाने वापरलेला ग्रीक शब्द 'माखायरा'. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायाच्या ग्रीक भाषांतरात अब्राहामाच्या हातातील सुराही 'माखायरा'च. आणि मी ज्याचा आधार लोहाराला दिला, त्या रोमकरांस पत्रात अधिकारी जी व्यर्थ धारण करीत नाही, तीही 'माखायरा'च! यज्ञाचा सुरा, पेत्राचे हत्यार आणि राज्यसत्तेची तरवार यांना ग्रीक भाषेने एकच नाव दिले. शिष्यांनी दोन तरवारी दाखविल्या आणि प्रभूने ते बोलणे तेथेच थांबविले. काही तासांनी त्यांतील एक चालली, एका दासाचा कान गेला, आणि प्रभूने तो बरा केला. प्रभूच्या अटकेच्या रात्रीचा शेवटचा आरोग्यदायी स्पर्श आपल्याच शिष्याच्या हत्याराने केलेल्या जखमेला व्हावा, याहून बोलके भाष्य मला ठाऊक नाही.

हे सर्व बाळगणाऱ्याविषयी झाले. घडविणाऱ्याचे काय? मुंगेर येथे मीर कासिम नबाबाच्या आर्मेनियन सेनापतीने, गुर्गिन खानाने, अठराव्या शतकात शस्त्रांचा कारखाना उभारला. हा गृहस्थ आपलाच, ख्रिस्ती. तेथील कारागिरांची कला टिकली. आज त्या शहरात परवानाधारक कारखानेही आहेत आणि चोरून बनणारी पिस्तुलेही. हात तेच, कानस तीच. अशा कारागिराला निर्गमाचा एकविसावा अध्याय लागू पडतो असे मला वाटते. बैलाने माणसाला मारले तर धनी निर्दोष. पण बैल मारकुटा आहे हे त्याला आधी ठाऊक असून त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर तो दोषी. शास्त्र येथे वस्तूविषयी विचारीत नाही, परवान्याविषयीही नाही. तुला ठाऊक होते काय, एवढेच विचारते. आमच्या लोहाराला ठाऊक होते. पंपाची मजुरी एवढी नसते, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. मी त्याला शासनकर्त्यांच्या तरवारीचा धाक घातला. त्याने आधीच दिलेली कबुली मात्र मला ऐकू आली नाही.

पुढच्या फेरीत गावी गेलो तेव्हा कळले की, त्याने नळी परत केली होती. मी त्याला बैलाचा शास्त्रपाठ वाचून दाखविला. त्याने मान डोलावली, पण तो बोलला दुसऱ्याच गोष्टीविषयी. आठवडे बाजारात आता कारखान्यातले तयार विळे येतात आणि मंडळीतली घरेही तेच घेतात, असे तो म्हणाला. त्या हंगामात आमच्यापैकी किती जणांनी आपले विळे त्याच्या भात्यापाशी नेले, हे मी मंडळीत विचारले नाही.